शिवणटेबलावरचे निकाल

आमच्या बांधणी विभागात आम्ही अकरा वर्षं लोकांचे न्यायनिवाडे केले. लोक सगळे कादंबऱ्यांतले, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही आणि आमची खोडही गेली नाही. एखादा भाऊ भावाचा वाटा गिळायचा, एखादी श्रीमंत बाई मोलकरणीवर आळ घ्यायची, आणि आम्ही टाके घालता घालता त्यांना अशा शिक्षा ठोठावायचो की विचारू नका. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांत पहिला नंबर माझाच आहे. मनाचा मोठेपणा म्हणून सांगत नाही. तो असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

पण गोष्ट धाकटीची आहे.

धाकटी म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची बाई. ती कामाला लागली तेव्हा शिवणटेबलावर तिच्याहून मोठ्या तिघी होत्या, त्यांनी तिला धाकटी म्हटलं. त्या तिघी निवृत्त झाल्या, एक तर वारलीही, पण हिचं नाव काही मोठं झालं नाही. उंची बेताची, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज इतका हळू की शेजारचीने मान वळवावी. घरी नव्वदीचे सासरे. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सासऱ्यांना नीट ऐकू येत नसे, त्यामुळे घरात तिला ओरडून बोलावं लागायचं. इथे ती आवाजाला विसावा द्यायला येते, असं आम्ही म्हणायचो.

आमचा विभाग एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात होता. खिडक्या छताला लागून, त्यांतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. वरून फाटकी पुस्तकं यायची. ती उसवायची, सोळा सोळा पानांचे गठ्ठे, म्हणजे आमच्या भाषेत फॉर्मे, वेगळे करायचे, कडांना पातळ कागद लावायचा आणि फॉर्म्यावर फॉर्मा ठेवून दोऱ्याने शिवायचं. धाकटीने शिवलेलं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं की सपाट पडायचं, हाताने दाबून धरावं लागायचं नाही. एवढ्या वर्षांत मला तसं जमलं नाही.

शिवण्याआधी पान न पान आहे की नाही हे तपासायचा नियम होता. मी कॉलेजात एक वर्ष काढलेली, वाचन स्वच्छ, म्हणून तपासणी माझ्याकडे आली. एकदा एक कादंबरी तपासता तपासता मी फिस्सकन हसले, तर सगळ्यांनी विचारलं, काय झालं. तेव्हापासून तपासणी मोठ्याने सुरू झाली. मी वाचायची, बाकीचे शिवायचे. प्रकरण संपलं की टेबलावर फेरी व्हायची: यात कोण कसं वागलं, प्रत्येकाने सांगायचं.

टेबलावर एक नणंद आणि तिची भावजय होती. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच बसने यायच्या आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर दोघींचं एकमत नसे. फक्त कोणाला दोषी ठरवायचं असलं की लगेच व्हायचं. दुसरे सरसवाले काका. पुस्तकांच्या पाठीला लावायचा सरस शिजवायचं काम त्यांचं. दुपारी ते भांड्यापाशी डुलक्या घ्यायचे आणि फेरी आपल्यावर आली की डोळे उघडून म्हणायचे, "असल्या माणसाला झोप कशी लागते, तेच कळत नाही." आणि मी. मी तर शेवटी भाषणच करायची.

एका जाड पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी वाचलं होतं की चांगुलपणा माणूस जन्माला येताना घेऊन येत नाही, तो सवयीने येतो. धीटपणाची कामं करत गेलं की धीट होतो, न्यायाने वागत गेलं की न्यायी होतो. मला ते इतकं आवडलं की महिनाभर मी ते ज्याला त्याला ऐकवलं. धाकटीने दोन-तीनदा ऐकून घेतलं. मग एके दिवशी विचारलं, "मग आपण इथे कसली सवय लावून घेतोय?"

"चांगलं-वाईट ओळखायची," मी तोऱ्यात म्हटलं.

"ओळखायची होय," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

तिचा नंबर आला की ती निकाल द्यायचीच नाही. एकच प्रश्न विचारायची, "घरी कोण कोण आहे त्याच्या?" मग मी पानं उलटून सांगायचं. आजारी बायको आहे, म्हातारी आई आहे. "मग जरा थांबा," ती म्हणायची, "अजून पानं आहेत ना." आम्ही हसायचो. धाकटीच्या कोर्टात सगळे जामिनावर, असं भावजय म्हणायची. मला मात्र मनातून तिचा राग यायचा. हिला कणा नाही, असं मला खरोखर वाटायचं, आणि मी तसं एकदा नणंदेला बोलूनही दाखवलं होतं.

शेवटची जी कादंबरी आम्ही धरली होती ती एका न्यायाधीशाच्या कारकुनाची. धान्याच्या कोठाराला आग लागते. मालकाच्या मुलाला कंदील घेऊन बाहेर पडताना कारकून स्वतः बघतो, पण आरोप येतो तबेल्यातल्या नोकरावर, आणि कारकून गप्प बसतो. पुढे शे-दीडशे पानं त्याला भूक लागत नाही, पण तोंड काही उघडत नाही. टेबल नुसतं पेटलं होतं. नणंद म्हणाली, असल्याला चौकात उभा करायला हवा. भावजय म्हणाली, आणि त्याच्या पोरांना सांगायला हवं, तुमचा बाप काय लायकीचा आहे. मी म्हटलं, भित्रेपणा हा सगळ्या दुर्गुणांचा बाप आहे. बाकीचे गुण असले तरी धैर्य नसेल तर ते वेळेवर बाहेरच येत नाहीत. काय वाक्य होतं. मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेवढ्यात वरून तातडीचं काम आलं. ग्रंथालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि त्यासाठी पुस्तकांच्या सूचीच्या बाराशे प्रती बांधून हव्या होत्या, तीन आठवड्यांत. फोरमनने पहिल्याच दिवशी वाचन बंद केलं. "आता गोष्टीबिष्टी नकोत, हात चालवा." कारकून अर्ध्यावर राहिला. पुस्तक मी कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी फोरमनची नजर कटिंग मशीनवर गेली. शिवलेल्या पुस्तकांच्या कडा तिथे कापल्या जातात. या मशीनला दोन बटणं असतात, डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. कारण साधं आहे, दोन्ही हात बटणांवर असले की पात्याखाली राहत नाहीत. "दोन्ही हात तिथेच अडकले तर गठ्ठा कोण धरणार, माझा सासरा?" फोरमन म्हणाला. त्याने मला हाक मारली. "तुमचा हात सफाईचा आहे. या बटणाच्या फटीत घट्ट बसेल असा पुठ्ठ्याचा तुकडा कापून द्या."

मी दिला. पट्टीने मोजून. पहिला जरा सैल झाला म्हणून दुसरा कापला, आणि तो बरोबर बसला तेव्हा मला बरं वाटलं. डावं बटण आता कायमचं दाबलेलं. उजव्या हाताने एक बटण दाबायचं, डाव्या हाताने गठ्ठा धरायचा. काम दुप्पट वेगाने होऊ लागलं.

धाकटी तो तुकडा बघून म्हणाली, "हे बरं नाही केलंस."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं.

कटिंगवाला तिसऱ्या आठवड्यात तापाने आजारी पडला. धाकटीने पूर्वी कधी काळी मशीन चालवलेलं होतं, म्हणून फोरमनने तिला तिथे उभं केलं. ती नको म्हणाली. फोरमन म्हणाला, मग तुम्हीच वर जाऊन सांगा की उद्घाटन पुढे ढकला. ती उभी राहिली.

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, पहिलं आणि मधलं. ती ओरडली नाही. "अगं बाई," एवढंच म्हणाली, तिच्या नेहमीच्या हळू आवाजात, त्यामुळे आम्हाला कळायलाही क्षणभर वेळ लागला. काका टॉवेल आणायला धावले. नणंद-भावजयीने तिला धरलं. मी उभीच. आणि मी उभी होते म्हणून मला दिसलं, की फोरमनने तिच्याकडे बघायच्या आधी अंगठ्याने तो पुठ्ठ्याचा तुकडा बाहेर काढला आणि कापलेल्या कडांच्या ढिगाऱ्यात टाकला. मला दिसलं तसं त्या दोघींनाही दिसलं. काकांनाही दिसलं, हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं.

आठ दिवसांनी चौकशी अधिकारी आले. त्याच्या आदल्या दुपारी फोरमन टेबलापाशी स्टूल ओढून बसला. आवाज इतका गोड की सरसात साखर पडली असं वाटावं. "कोणाचं नाव घेऊ नका. वाचन चालू होतं, तिचं लक्ष तिकडे होतं, एवढंच सांगा. पुस्तकावर ढकला. पुस्तकाला कोण फाशी देतंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तो तुकडा कोणी कापला होता ते मी विसरलोय. तुम्हीही विसरा."

आता सांगायला हरकत नाही की माझ्या घरी कोण कोण आहे. नवऱ्याची दुकानातली नोकरी सुटलेली, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, सासूबाई अंथरुणाला. हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं मी त्या दुपारी फोरमन बोलत असताना मनात एकेक करून मोजत होते, कारण मला ते हवं होतं. ते नसतं तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

अधिकाऱ्यांच्या खोलीत मी सांगितलं की वाचन चालू होतं. तीन आठवडे बंद असलेलं वाचन. ज्याने बंद केलं तो शेजारी बसलेला. अधिकाऱ्यांनी सहज विचारलं, "काय वाचत होता?" आणि मी कारकुनाचं प्रकरण सांगायला लागले. नोकराला बेड्या घालून नेतात आणि कारकून खिडकीचा पडदा ओढून घेतो, ते प्रकरण. मी इतकं रंगवून सांगितलं की त्या माणसाने पेन खाली ठेवलं. "छान सांगता तुम्ही," तो म्हणाला. त्या क्षणी मला जे वाटलं ती लाज नव्हती. मला बरं वाटलं, तो तुकडा फटीत बसला होता तेव्हा वाटलं होतं अगदी तसं. माझ्याबद्दल ज्याला जे जाणून घ्यायचं असेल त्याने एवढं जाणून घ्यावं, पुरे आहे.

मी सही केली. नणंदेने केली, भावजयीने केली. काका दरवाज्यात पाच मिनिटं घुटमळले आणि मग त्यांनीही केली. ज्यांनी शे-दीडशे लोकांना भित्रे म्हणून हिणवलं ते आम्ही चौघं मूग गिळून खाली उतरलो आणि सरळ टेबलावर बसून शिवायला लागलो. सूचीच्या प्रती त्याआधीच वेळेवर गेल्या होत्या. उद्घाटनाच्या भाषणात बांधणी विभागाचा उल्लेखही झाला म्हणे.

दीड महिना मी धाकटीकडे गेले नाही. सासूबाईंचं करावं लागतं, असं सगळ्यांना सांगत होते. मग तिनेच निरोप धाडला, येऊन जा, काम आहे.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, एकच, मधे पडदा. पडद्यापलीकडे सासरे खोकत होते. ती स्टोव्हपाशी उभी राहून एका हाताने डबा उघडायचा प्रयत्न करत होती, डाव्या हाताला पट्टी. मी डबा घ्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे, सवय करायला हवी." मग तिने उशीखालून पत्र काढलं. निष्काळजीपणामुळे अपघात, म्हणून सेवेतून कमी का करू नये, पंधरा दिवसांत खुलासा करावा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली बाई. चौतीस वर्षं एक फॉर्मा उलटा शिवला नाही तिने.

मला वाटलं ती आता मला जाब विचारणार. मी उत्तरं तयार करून गेले होते. पण ती माझ्या समोर बसली आणि काळजीच्या सुरात म्हणाली, "मला एक सांग. त्या दिवशी तू काय वाचत होतीस?"

मी हातातल्या पत्राची घडी घालायला लागले.

"मला काहीच आठवत नाहीये बघ. मला तर वाटत होतं वाचन बंदच आहे. आणि बटणात काहीतरी खुपसलेलं होतं असंही मला वाटत होतं. पण तुम्ही चौघांनी लिहून दिलंय, वाचन चालू होतं म्हणून. तू सही केलीयेस म्हणजे असणारच. तू कशाला खोटं बोलशील?" तिने ते पत्र माझ्याकडून परत घेतलं. "डॉक्टरला विचारलं मी, धक्क्याने डोक्यावर परिणाम होतो का. तो म्हणाला होऊ शकतो. म्हणून म्हटलं तुलाच विचारावं. तू प्रकरण सांगितलंस तर आठवेल कदाचित. आठवलं की मी तसं लिहून देते, चूक माझीच होती म्हणून. खोटं लिहायला नको वाटतं."

बोटं मशीनने नेली होती. तिचं डोकं आम्ही न्यायला निघालो होतो. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी पहिल्यांदा इतका राग आला, फोरमनचा, त्या छान सांगता म्हणणाऱ्या माणसाचा, माझ्या या स्वच्छ वाचणाऱ्या जिभेचा, की तो राग होता म्हणूनच बोलता आलं. धैर्य वगैरे काही नव्हतं ते.

"वाचन बंद होतं," मी म्हटलं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे. आम्ही खोटं लिहून दिलंय. आणि बटणातला तुकडा मी कापला होता, तू बघितला होतास तो."

पडद्यामागून सासऱ्यांनी ओरडून विचारलं, कोण आलंय. तिने ओरडून उत्तर दिलं, "कोणी नाही." मी बोलायला लागले, नवऱ्याची नोकरी, मुलीचं शेवटचं वर्ष. तिने हात वर केला, पट्टीचा हात.

"तुझ्या घरी कोण कोण आहे ते मला माहीत आहे. तुझ्या मुलीचं बारसं जेवलेय मी." आवाज हळूच होता. "उद्या दहाला ऑफिस उघडतं. तिथे जाऊन सांग. इथे रडू नकोस, सासरे विचारतील."

"धाकटे, तू तर सगळ्यांना..."

"ते कागदावरचे होते गं. त्यांना माफ करायला माझं काय जात होतं?" ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. "जा आता."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी गेले. अधिकारी म्हणाले, प्रकरण निकालात निघालंय. मी म्हटलं, मग परत उघडा. ते म्हणाले, तुम्ही आधी खोटं बोललात, आता खरं बोलताय कशावरून? मी म्हटलं, वाचनाच्या कपाटाला फोरमननेच कुलूप लावलंय, तारखेसकट त्याची नोंद वहीत आहे, वही मागवा. ते म्हणाले, आधी असं का सांगितलंत? माझ्या तोंडात भलंमोठं प्रकरण तयार होतं, सुरुवात, मध्य, शेवट सगळं. मी ते गिळलं. "घाबरले म्हणून," मी म्हटलं, आणि त्यांनी तेवढंच लिहिलं.

वही आली. काकांनी आपली साक्ष बदलली. नणंद-भावजयीने बदलली नाही. माझ्याशी बोलणंही सोडलं, दोघींचं यावरही एकमत झालं. फोरमनची दुसऱ्या शाखेत बदली झाली आणि निघताना त्याला चहापाणी झालं, चार चांगले शब्द बोलले गेले, बढतीच असावी तसे. मला ठपक्याचं पत्र मिळालं, तुकडा कापल्याबद्दल आणि खोट्या साक्षीबद्दल. ते योग्यच होतं, पण माझ्या फाईलला आणि त्याच्या फाईलला एकच न्याय लावायला कोणाचं काय जात होतं, हा प्रश्न मी अजून रोज विचारते, भांड्यांना, भिंतींना, नवऱ्याला. धाकटीचं पत्र मागे घेतलं गेलं. शिवणं तिला आता शक्य नव्हतं, म्हणून तिला पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावायचं काम दिलं, आमच्याच खोलीत, खिडकीखालच्या छोट्या टेबलावर.

नवा फोरमन तरुण आहे, भला वाटतो. गेल्या महिन्यात त्यानेच कपाट उघडून ती कादंबरी बाहेर काढली. "तुम्ही वाचन करायचात म्हणे. तपासणी तशीही करायची आहेच, करा की मोठ्याने." काकांनी स्टूल पुढे ओढलं. नणंद-भावजयीनेही न बोलता फॉर्मे पुढे घेतले. मी पुस्तक उघडलं, जिथे थांबलो होतो तिथला कागद अजून होता. घसा साफ केला आणि पहिलं वाक्य सुरू केलं.

"तू नको," खिडकीखालून आवाज आला.

ती मागे वळलेली नव्हती. उजव्या हाताने चिठ्ठी धरून डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी ती दाबत होती.

"दुसरं कोणीही वाचा," धाकटी म्हणाली. "ही वाचते ते खरं वाटतं."

मी पुस्तक भावजयीकडे सरकवलं. तिला जोडाक्षरं नीट येत नाहीत, ती बोट ठेवून अडखळत वाचू लागली, आणि मी सुईत दोरा ओवला.